मांड्याचा कोंडा

चांदे गावच्या भिवाजीतात्यांना देवानं सगळं दिलं, फक्त माप दिलं नाही. कुणी एक सांगितलं की ते दोन करत आणि दोन सांगितलं की घरच्यांना पळता भुई थोडी होई. भावकीत सगळ्यांनी एकेक बोअर घेतली, तेव्हा तात्यांनी तीन घेतल्या. त्यातल्या दोन कोरड्या गेल्या, तर "पाणी न्हाई, पर खोली बघा की" म्हणून ते पाहुण्यांना त्या दाखवायला नेत. डोकं दुखलं की एका गोळीऐवजी दोन, कारण एका गोळीत ज्याचं भागतं त्याचं डोकंच लहान असणार, असा त्यांचा हिशेब. देवळामागचं रान बिल्डरला दिल्यावर गावातल्या चारचौघांसारखे त्यांनीही घरावर मजले चढवले, पण वरून गच्चीवर सिमेंटचा सिंह बसवला आणि त्याचं उघडं तोंड मुद्दाम भावकीतल्या विठ्ठलरावांच्या अंगणाकडे केलं.

तसे तात्या वाढले नाचणीवर. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं, संध्याकाळी तेच उलट्या क्रमानं. तेव्हा त्यांचं पोट एसटीपेक्षा वेळेवर चालायचं. पण वरच्या मजल्यांवर हिंजवडीला जाणारी पोरं-पोरी भाड्यानं राहायला आली आणि तात्यांना भाकरीची लाज वाटू लागली. "ह्या घरात आता काळी भाकर नगं," त्यांनी फर्मान काढलं, "वरची साहेब लोकं काय म्हणतील?" वरची साहेब लोकं नाचणीचे लाडू शंभर ठिकाणी चौकशी करून मागवत होती, पण ते तात्यांना कोण सांगणार! त्यांच्या ताटात सकाळी खारी आली, दहाला नाक्यावरचा वडापाव आला, दुपारी पांढराशुभ्र भात आणि संध्याकाळी कैलासनं गाडीतून आणलेलं काहीतरी मैद्याचं.

कैलास म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा. विकाऊ जागा दाखवत गावोगाव फिरायचा. बापाचं सगळं ऐकायचा आणि त्यातलं काहीच करायचा नाही.

तात्यांची बायको गोजराबाई मात्र कुणाचं ऐकत नसे. घरात भाकरीला बंदी झाली, तेव्हा तिनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन दगड मांडले आणि आपली भाकरी आपण थापू लागली. तात्या चिडले.

"लोक म्हनतील, ह्याची बायको गोठ्यात बसून जेवती."

"गोठा ऱ्हायलाय कुटं? म्हशी इकल्या तुमी. म्या आपली भाकरीला जागा केलीया."

विषय तिथं मिटला. तात्यांचं पोट मात्र त्या दिवसापासून बिघडत गेलं. दोन दोन, तीन तीन दिवस काही हालचाल नाही. नव्या संडासात ते पेपर घेऊन बसत आणि शोकसंदेशापासून निविदांपर्यंत सगळं वाचून रिकाम्या हातानं बाहेर येत. घरात एखाद्याचं कामावर जाणं अडे, एखाद्याची अंघोळ अडे, पण तात्यांपुढं दार वाजवायची कुणाची छाती नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर तात्या डॉक्टरकडे गेलेच नसते. त्यांना नेलं ते वीणेनं.

दर माघात गावच्या देवळात हरिनाम सप्ता बसतो. सात दिवस रात्रंदिवस वीणा कुणाच्या तरी गळ्यात असते. ती जमिनीला टेकायची नाही, तिची तार गप्प पडायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात आणि पहारेकऱ्यानं उभंच राहायचं. सगळ्यात मोठा मान शेवटच्या दिवशीच्या, काल्याच्या कीर्तनातल्या पहाऱ्याचा, कारण तेव्हा सगळं गाव समोर बसलेलं असतं. हा मान तात्यांच्या घरात आला त्यांच्या आजामुळं, गेणबामुळं. त्या काळी तो विठ्ठलरावांच्या आजाकडं होता. ऐन कीर्तनात त्याला हिवताप भरला, हातपाय लटलट कापू लागले आणि वीणा पडणार तोच गेणबानं ती झेलली. गावचा नियम साधा होता. पहारा अर्ध्यावर असताना ज्यानं वीणा धरली, पहारा त्याचा. तेव्हापासून तीन पिढ्या विठ्ठलरावांचं घर दर काल्याला पुढच्या रांगेत बसून तात्यांच्या घरातलं कुणी कधी कापतंय याची वाट बघत होतं.

गेल्या वर्षी ते जवळजवळ झालंच होतं. पाच दिवस पोट तुंबलेलं. पहारा सुरू झाल्यावर तासाभरानं तात्यांच्या पोटात अशी कळ निघाली की कपाळावर घाम उभा राहिला. तेवढ्यात विठ्ठलराव उठून जवळ आले आणि फार मायेनं म्हणाले, "तात्या, बरं न्हाई का? द्या म्हनं हिकडं." त्या मायेनंच तात्यांना बळ आलं आणि त्यांनी पहारा रेटून नेला. पण वर्षभर त्यांच्या डोळ्यांसमोर विठ्ठलरावांचे ते पुढं आलेले दोन हात होते. आपल्या हयातीत मान गेला तर मेल्यावर गेणबाला तोंड काय दाखवायचं, या विचारानं हा आडमाप माणूस खरोखर कासावीस होत असे.

म्हणून यंदा काला बारा दिवसांवर आला तेव्हा तात्या बावधनला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी पोट दाबून बघितलं, काय काय खाता ते विचारलं आणि हसू दाबून म्हणाल्या, "काका, तुमच्या जेवणात चोथाच नाही. फायबर वाढवा. पण सावकाश. पहिल्या आठवड्यात एखादाच पदार्थ, तोही थोडा. मग दुसरा. आतड्यांना सवय लागायला वेळ द्यावा लागतो, एकदम वाढवलं तर पोट फुगेल. कडधान्यं भिजवून, मऊ शिजवून खा. जेवल्यावर चाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी भरपूर प्या. पाणी नसेल तर हाच चोथा आत अडकून बसेल. पाच-सहा आठवड्यांत फरक पडेल." हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

तात्यांनी त्यातले दोनच शब्द उचलले. एक 'वाढवा' आणि दुसरा 'सहा आठवडे'. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी गणित घातलं. सहा आठवड्यांचं काम बारा दिवसांत बसवायचं तर रोज साडेतीन पट. सप्त्याच्या गडबडीत एखादा खाडा पडणार, म्हणजे धरा चौपट. राहता राहिलं पाणी. वीणा गळ्यात असताना दोन तास लघवीला जाता येत नाही. म्हणजे पाणी पिण्याची सवय लावून घेणं हा शुद्ध मूर्खपणा. डॉक्टरीणबाईला वीणेतलं काय कळतंय! तात्यांनी त्या दिवसापासून पाणी वाढवण्याऐवजी निम्मं केलं. पहाऱ्याची तयारी म्हणून ते बारा दिवस घसा कोरडा ठेवायचा सराव करू लागले. एवढी अक्कल चालवल्यावर पोटाची काय बिशाद होती नीट राहायची!

सूसच्या रस्त्यावर एक मोठं दुकान आहे, तिथं कैलासनं त्यांना नेलं. तात्यांनी ढकलगाडी भरली. ओट्स, कसल्या कसल्या बिया, इसबगोलाचे डबे, राजमा, छोले आणि एका चकचकीत पाकिटात गव्हाचा कोंडा. घरी आल्यावर गोजराबाईनं ते पाकीट फोडलं, चिमूटभर तळहातावर घेतलं, वास घेतला आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

"आवं, ह्यो कोंडा हाय."

"फायबर हाय त्ये."

"कोंडा हाय. आपून म्हशीला घालायचो."

"म्हशीचा साधा व्हता. ह्यो परदेशी हाय."

"म्हशीनं निदान वर घमेलंभर पानी तरी पिलं आसतं," गोजराबाई म्हणाली. "लोक कोंड्याचा मांडा करून खात्यात. तुमी मांड्याचा कोंडा करून ऱ्हायलाय."

दुसऱ्या मजल्यावर मोनिका नावाची नागपूरची मुलगी भाड्यानं राहायची. ती हे असलं खाते हे तात्यांना माहीत होतं. त्यांनी तिला जिन्यात गाठून सगळा तपशील काढून घेतला. तिनं मोकळेपणानं सांगितलं, वर बजावलं, "पण काका, स्लोली हं. मी पण आधी एकदम स्टार्ट केलं होतं. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसवेना, इतकं पोट फुगलं. रोज थोडं थोडं वाढवा आणि पाणी प्या भरपूर."

"पोरी, तुमचं शहरातलं पोट," तात्या छातीवर हात ठेवून म्हणाले. "आमचं मातीतलं हाय."

माती विकून पंधरा वर्षं झाली होती. मोनिकाला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर बिचारी काहीतरी बोलली असती.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी उठल्याबरोबर इसबगोलाचे पाच चमचे, तेही अर्ध्या पेल्यात कालवून, म्हणजे पिण्याऐवजी जवळजवळ चावूनच. मग वाडगाभर ओट्स, त्यावर बिया, त्यावर कोंडा. दहाला कच्ची कोबी. दुपारी अर्धवट शिजलेला राजमा, कारण जास्त शिजवला तर आतली ताकद जाते असं तात्यांचं मत. संध्याकाळी छोले. झोपताना पुन्हा इसबगोल.

आणि दैव बघा कसं खट्याळ असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पोट खरंच मोकळं झालं! त्यांना तिथंच कुणीतरी अडवायला हवं होतं. पण तात्या ताडताड पारावर गेले आणि भरल्या सभेत आपल्या पोटाचं वर्तमान जाहीर केलं. "फायबर," ते म्हणाले. "लिवून घ्या. फायबर." चार म्हातारी माणसं चहा प्यायला बसली होती, ती चहा खाली ठेवून ऐकू लागली. विठ्ठलरावही होते. त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही, नुसती मान डोलावली.

चौथ्या दिवसापासून पोट फुगायला लागलं. आधी लेंग्याची नाडी सैल करावी लागली, मग सदऱ्याचं खालचं बटण लागेना, मग जाकीट घातलं, म्हणजे बटण दिसेना. पखवाज घुमावा म्हणून त्याच्या एका तोंडाला ओली कणीक थापतात. तात्यांच्या पोटात तशी चौपट कणीक बसली होती आणि ते दिवसभर घुमत होतं. पारावरची माणसं एकेक करून सरकत पलीकडच्या बाकावर गेली. तात्यांना वाटलं, आपल्याला मान म्हणून जागा करून देताहेत. आणि पोट तर आता पुन्हा तुंबलं होतं. कोरडा कोंडा आत जाऊन विटेसारखा बसला होता.

"आतमधी काम चालू हाय," ते कैलासला म्हणत. "मशीन लागलंय."

गोजराबाईनं एक दिवस समोर ताट ठेवलं. त्यात नाचणीची पातळ आंबील, ताक आणि चिमूटभर भाजलेला ओवा. "ह्ये चार दीस घ्या," ती म्हणाली. "त्यो कोंडा बंद करा. कोमट पानी प्या, शिवेपतूर चालून या. बाईनं कागदावर बी हेच लिवलंय, म्या साधनाकडनं वाचून घेतलं." साधना म्हणजे कैलासची बायको.

तात्यांचं पोट दुखत होतं आणि दुखणाऱ्या माणसाची जीभ आधी सैल होते. "काळी भाकर खाऊन तुजं काय भलं झालं गं?" ते म्हणाले. "शेडात बसून जन्म गेला. गावात तुला वळखतं तरी कोन?"

हे गोजराबाईला लागलं. चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याचं बरंच ऐकून घेतलं होतं, पण हे लागलं. तिनं ताट उचललं आणि शेडमध्ये जाऊन आंबील स्वतः पिऊन टाकली.

सप्ता बसला. रोज दुपारी पंगतीला भात, मटकीची आमटी आणि बुंदी असे. तात्या भात-बुंदी टाकून नुसती मटकी चार पळ्या घेत, फायबर म्हणून. विठ्ठलराव समोरच्या रांगेत बसून त्यांना वाढायला लावत. "घाला, तात्यास्नी घाला अजून," असा त्यांचा आग्रह असे. गेल्या तीन पिढ्यांत विठ्ठलरावांच्या घरानं तात्यांच्या घराला इतक्या प्रेमानं कधी जेवू घातलं नव्हतं.

काल्याचा दिवस उजाडला. तात्यांनी पहाटेच शेवटचा हप्ता म्हणून दुप्पट कोंडा आणि कच्ची कोबी खाल्ली आणि पाणी अजिबात घेतलं नाही. दहाला वीणा गळ्यात आली. कीर्तनकार महाराज मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला तात्या, मागं टाळकरी. समोर सगळं गाव. बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत गोजराबाई. खांबाशी कैलास, मोबाईलवर चित्रण करत. आणि पुरुषांच्या पुढच्या रांगेत विठ्ठलराव. नवा फेटा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग आत जे बारा दिवस कोंडलं होतं ते बाहेरची वाट शोधू लागलं. वाट द्यावी तर महाराजांच्या कॉलरला माईक, तो तात्यांपासून दोन हातांवर. न द्यावी तर कळ थेट छातीपर्यंत. तात्यांना एकच आसरा उरला. महाराज मधेच नामाचा गजर करायला लावत, टाळ-पखवाज कडाडत, चारशे माणसं एका सुरात ओरडत. तेवढ्या वेळात तात्या आपलं थोडंफार उरकून घेत. त्या दिवशी भिवाजीतात्यांना नामाची जी ओढ लागली, ती उभ्या जन्मात लागली नव्हती. मागचे दोन टाळकरी मात्र का कोण जाणे, गजर आला की एकेक पाऊल मागं सरकत.

पण महाराज कृष्णाच्या खोड्यांवर आले आणि रंगले. गजर थांबले. सगळी सभा कान देऊन बसली. यशोदा पाय न वाजवता दाराआड येऊन उभी राहते, असं महाराज अगदी हळू आवाजात सांगत होते आणि नेमकं तेव्हाच तात्यांचं पोट गुरगुरलं. माईकनं ते उचललं आणि देवळावरच्या चारही कर्ण्यांतून गावभर सोडलं. लहान पोरांनी वर आभाळाकडं बघितलं. मग हसू पसरलं, आधी पोरांत, मग बायकांत. तात्यांचे कान तापले. मेलो असतो तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ती कळ आली. ती आली तेव्हाच तात्यांना कळलं की ही थांबणारी नाही. बोटं कापू लागली आणि वीणेची तार गप्प पडली.

विठ्ठलराव उठून उभे राहिले.

तात्यांनी खांबाकडं बघून मान हलवली. कैलास हलला नाही. पुन्हा मान हलवली. तो आला, पण हात मागं बांधून.

"आरं, धर की!" तात्या दातओठ खात पुटपुटले.

"मला न्हाई चालायची, तात्या."

"का रं?"

कैलासनं खाली बघितलं. "काल भूगावला जागा दाखवाया गेल्तो. पार्टीनं आग्रह केला. मटन थाळी खाल्ली."

तो कुजबुजलाच होता. पण माईक तिथंच होता. 'मटन थाळी' हे दोन शब्द ऐन काल्याच्या कीर्तनात, चार कर्ण्यांतून, वेशीबाहेरपर्यंत गेले. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

"देवाची सेवा हाय, तात्या," विठ्ठलराव पुढं येऊन म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पुढं होते, गेल्या वर्षीसारखेच. "लाजू नगा. द्या."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं कळीचं नव्हतं. गेणबानं झेललेली वीणा आपण कोंड्यापायी घालवली, हे त्या क्षणी त्यांना लख्ख कळलं आणि त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या पट्ट्याकडं गेला.

"सरका," कुणीतरी म्हणालं.

गोजराबाई. पदर कमरेला खोचून ती दोघांच्या मधे शिरली होती. तिनं नवऱ्याच्या गळ्यातला पट्टा काढला, आपल्या गळ्यात घातला आणि तार छेडली. सगळं इतकं सहज, जणू चुलीवरचं भांडं उतरवून घ्यावं.

"बायामानसानं?" विठ्ठलरावांचे हात तसेच हवेत राहिले. "वीणा?"

"नियम काय हाय गावचा?" गोजराबाई म्हणाली. "ज्यानं धरली त्याची. बाप्यानंच धरावी आसं कुटं लिवलंय?"

विठ्ठलरावांनी महाराजांकडं बघितलं. महाराज मुरलेला माणूस. मटन थाळीतून कीर्तन बाहेर काढायला त्यांना काहीतरी हवंच होतं. त्यांनी हात वर केला आणि गजर उचलला. टाळ कडाडले. प्रश्न तिथंच संपला.

तात्या त्या गजरात देवळाबाहेर पडले. घर लांब होतं. पाय सवयीनं देवळामागं वळले, जिथं पूर्वी त्यांचं रान होतं आणि रानात आडोसा होता. आता तिथं भिंत होती, भिंतीला फाटक होतं आणि फाटकाला निळ्या गणवेशातला रखवालदार होता.

"बाबा, किसके यहाँ जाना है?" त्यानं विचारलं. "रजिस्टर में एंट्री करो."

"आरं, माजं रान हाय ह्ये!" तात्या पोट धरून ओरडले.

"फ्लैट नंबर बोलो."

पण रखवालदारालाही बाप असतो. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं, मग पोटाकडं बघितलं, आणि वही मिटून आपल्या खोलीमागचा संडास दाखवला. तात्या तिथं पाऊण तास होते. कर्ण्याचा आवाज तिथवर स्वच्छ येत होता. महाराजांच्या शब्दांमागं वीणेची तार चालली होती, एकसारखी, कुठं न अडखळता. आपल्याच रानात, परक्याच्या संडासात बसून भिवाजीतात्या बायकोचा पहारा ऐकत होते.

बाराला पहारा संपायचा, पण हंडी फुटायला उशीर झाला. गोजराबाई साडेबारापर्यंत उभी होती. तिचा पाय हलला नाही. पहाटे तिनं भाकरीचा चतकोर खाल्ला होता आणि तांब्याभर पाणी पिऊन आली होती.

त्या संध्याकाळी तात्या आपण होऊन शेडमध्ये गेले आणि चुलीपाशी बसले. गोजराबाईनं आंबील पुढं केली. "त्यो कागद कुटं हाय?" त्यांनी विचारलं. तिनं तो चुलीमागच्या फटीतून काढून दिला. मग सहा आठवडे कागदावर होतं तसंच चाललं. पहिल्या आठवड्यात नाचणीची नुसती अर्धी भाकरी, मग पाऊण, मग मऊ शिजवलेले हुलगे, आणि पेल्यामागून पेले पाणी. जाकीट सुटलं. पेपर पुन्हा ओट्यावर बसून वाचला जाऊ लागला. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक सांगितल्यावर एकच केलं होतं. पारावर मात्र त्यांनी त्यावर भाषण दिलं नाही.

पुढच्या माघात सप्त्याची पत्रिका छापून आली. काल्याच्या पहाऱ्यापुढं 'सौ. गोजराबाई भिवाजी' असं ठळक अक्षरात होतं. तात्यांनी आपलं नाव वरून खाली शोधलं. ते शेवटून दुसऱ्या ओळीत, पाणीवाटपात सापडलं. सेवा वाटायची जबाबदारी यंदा विठ्ठलरावांकडं होती.

काल्याच्या सकाळी तात्या देवळाच्या पायरीशी तांब्या-पेला घेऊन उभे राहिले. कीर्तनाला यंदा नवे महाराज आले होते. त्यांनी पाणी घेतलं आणि आपुलकीनं विचारलं, "आपलं नाव?"

"भिवाजी," तात्या म्हणाले. महाराजांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आत तार लागत होती, गोजराबाई नुकतीच उभी राहिली होती.

"ती वीणा धरलीया न्हवं," त्यांनी तांब्याच्या हातानं आत दाखवलं. "तिचा मालक."

"हां हां! गोजराबाईंचे होय!" महाराजांनी हात जोडले आणि आत गेले.

तात्यांनी रिकामा पेला विसळला, काठोकाठ भरला आणि गुमान स्वतः पिऊन टाकला.